विंचवासाठी बुजवलेली फट

गेवराईत आमचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. दुकानाला लागून पत्र्याची एक खोली होती. दार रस्त्यावर, खिडकी पश्चिमेला. त्या खोलीत वर्षानुवर्षं पेंडीची पोती राहिली. खाली शहाबादी फरशी होती, पण तिचा मूळ रंग कुणालाच आठवत नव्हता. पेंडीचं तेल मुरून ती काळी आणि चकचकीत झाली होती. तिच्यावर पांढरं कापड टाकलं तर थोड्याच वेळात पिवळा डाग पडायचा. हे मी खात्रीनं सांगू शकतो, कारण वहिनीनं ते मला करून दाखवलं होतं.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. लग्नाआधी ती शिवणकामाचा डिप्लोमा करून आली होती आणि आमच्या स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात तीन मुलींना शिवण शिकवत होती. चौथी मुलगी आली तेव्हा आईला भाकरी थापायला जागा उरली नाही. वहिनीनं आप्पांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, पेंडीची खोली मागितली.

आप्पा सकाळची पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून गल्ल्यावर बसले होते. त्यांनी फार वेळ घेतला नाही.

"खोली घे," ते म्हणाले. "पण फरशी फोडायची न्हाई, खिळा ठोकायचा न्हाई, सिमेंट ओतायचं न्हाई. आखितीपर्यंत बघू. मुली टिकल्या तर क्लास. न्हाई तर माझी पेंड वापस."

आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या सुमाराला रानात चारा उरत नाही, पेंडीचं गिऱ्हाईक वाढतं, आणि आप्पांचा मोठा माल यायचा. म्हणजे वहिनीच्या हातात एक थंडी आणि अर्धा उन्हाळा होता. दादा साखर कारखान्यात नोकरीला होता. घरातल्या कुठल्याही वादात त्याचं एकच वाक्य असे, "बघा बाबा तुमी." याही वेळी त्यानं तेच म्हटलं.

नवं शतक सुरू होऊन थोडी वर्षं झाली होती. गावात मोबाइलचे मनोरे उभे राहत होते, हायवेवर लांबलचक कंटेनर दिसू लागले होते, आणि औरंगाबादला जाऊन आलेला माणूस दर वेळी एखादी नवी वस्तू पाहून यायचा. मी तिथं एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. वहिनी एका लग्नाला आली आणि परत जाताना मला घेऊन फरशीच्या एका दुकानात शिरली. तिथल्या विक्रेत्यानं सागवानी रंगाच्या, व्हिनाइल नावाच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या आमच्यासमोर ठेवल्या. एकीची कड दुसरीच्या खाचेत तिरकी घालून खाली दाबली. टक् असा आवाज झाला आणि दोन्ही एक झाल्या.

"गोंद नाही, खिळा नाही," तो म्हणाला. "जुन्या फरशीवर नुसती पसरते. कुठंच चिकटत नाही. नको वाटली तर उचलून न्या."

वहिनीनं त्याला ते पुन्हा करायला लावलं. मग स्वतः केलं, उघडलं, परत केलं. "टिचबटन हाय की हो हे," ती म्हणाली. आप्पांच्या तिन्ही अटी या वस्तूनं पाळल्या होत्या.

माघाच्या थंडीत खोकी टेम्पोनं गेवराईला पोचली. प्रत्येक खोक्यात इंग्रजी सूचनांचा कागद होता. वहिनीनं तो मला मराठीत उतरवून मागितला. मी वहीच्या एका पानावर सहा सूचना लिहून दिल्या. भिंतीजवळच्या जागेबद्दल मूळ कागदात दोन वाक्यं होती. पहिलं असं, की चारही भिंतींपासून अर्ध्या बोटाएवढी जागा सोडावी. दुसऱ्यात कारण होतं. पान भरत आलं होतं. मी पहिलं वाक्य ठेवलं आणि दुसरं छाटलं. डेस्कवर आम्ही रोज हेच करायचो.

फरशी बसवायला गल्लीतले सुतारमामा आले. आप्पांच्या वयाचे, दारं-खिडक्यांचं काम करणारे. त्यांनी पट्टीवर नख मारून पाहिलं, वास घेतला, आणि निर्णय दिला.

"हे लाकूड न्हाई, सूनबाई. लाकडाचं सोंग हाय."

"सोंगच बसवायचंय, मामा. पण कागदावर लिवलंय तसं."

सुतारमामांनी दोरी ताणून पाहिली. खोलीला दाराकडे ढाळ होता, कारण जुन्या लोकांनी पाणी मारून धुता यावी म्हणून ती तशीच बांधली होती. ढाळाचं काही करण्यासारखं नव्हतं; पण वर्षानुवर्षं पोती आदळून मध्ये तीन खळगे पडले होते. सिमेंट चालणार नव्हतं, म्हणून खळग्यांत पुठ्ठ्याचे थर कापून बसवले. त्यावर तेल वर येऊ नये म्हणून प्लास्टिकचा कागद, त्यावर फोमचा पातळ थर, आणि मग पट्ट्या. दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं. खोली ओळखू येत नव्हती. फक्त चारही भिंतींच्या पायथ्याला एक काळी रेघ दिसत होती. ती सोडलेली जागा.

सुतारमामांना ती रेघ सहन होत नव्हती. जाता-येता ते तिच्याकडे पाहत आणि मान दुसरीकडे वळवत. भिंतीला गोंदानं लाकडी पट्टी चिकटवून ती झाकायची होती, पण तेवढ्यात वहिनी माहेरी, नांदूरघाटला, भावजयीच्या डोहाळजेवणाला गेली. दुसऱ्या दिवशी आई खोली बघायला आली. मी सुट्टीवर होतो आणि तिथंच होतो.

"ही फट कावून ठेवली?" आईनं विचारलं.

"कागदावर लिवलंय, वैनी," सुतारमामा आईला म्हणाले.

"कुणी लिवलंय?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. "कंपनीनं," मी म्हणालो.

"कंपनीला इच्चू ठावं हाय का?"

आमच्या भागात उन्हाळा लागला की विंचू गारवा शोधतो, आणि पोत्याखाली, चौकटीत, दगडाच्या सांध्यात जाऊन बसतो. पेंडीच्या खोलीत दर साली एक-दोन निघायचेच. आता तिथं लोकांच्या लेकी मांडी घालून बसणार होत्या. एकीला जरी डंख झाला असता तर क्लास त्याच दिवशी बंद पडला असता. आईनं हे सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "फट म्हंजे त्याचं घर. आपल्या हातानं बांधून देयचं का?"

सुतारमामांचा चेहरा उजळला. "म्या तेच म्हणत हुतो. फट ठिवली की लोक म्हणतेत सुताराला माप येत न्हाई."

त्यांनी पांढरं सिमेंट कालवलं आणि चारही बाजूंची फट ठासून भरली. वर लाकडी पट्टी चिकटवली. काम देखणं झालं. मूळ कागदातलं दुसरं वाक्य मला आठवलं नाही, आणि मी त्यांना थांबवलं नाही. वहिनी परत आली तेव्हा पट्टी लागलेली होती. पट्टीखाली काय आहे हे तिनं विचारलं नाही, कारण खाली फटच असणार असं ती धरून चालली होती. आईनं सांगितलं नाही, कारण सुनेसाठी केलेली गोष्ट बोलून दाखवायची तिला सवय नव्हती.

क्लास सुरू झाला. एका भिंतीला शिवणयंत्रं, समोरच्या भिंतीला कापडाचं लोखंडी कपाट, मध्ये मोकळी फरशी. मुली तिथं बसून कापड पसरत, आखत, कापत. होळीपर्यंत अकरा मुली झाल्या. आप्पा गल्ल्यावरून मोजत असत, पण मोजतोय असं दाखवत नसत.

होळीनंतर ऊन चढलं. पहिल्यांदा आवाज आला. चालताना पायाखाली टक् व्हायचं, पाय उचलला की पुन्हा टक्. मग एका दुपारी खोलीच्या मधोमध फरशी उचलली गेली. उपड्या परातीएवढा फुगवटा आला. त्यावर पाय दिला की तो दबायचा आणि बाजूला वर यायचा. मुलींनी त्याचा खेळ केला. पण फुगवट्यावर पसरलेलं कापड सरळ कापलं जाईना. एकीच्या झंपरची एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब निघाली. दोन मुली यायच्या थांबल्या. एकीची आई स्वतः येऊन पाहून गेली होती.

शेजारी न्हाव्याचं दुकान होतं. त्या न्हाव्यानं गिऱ्हाइकाच्या अर्ध्या दाढीवरून उठून येऊन फुगवटा पाहिला.

"आप्पा, धन हाय खाली," तो म्हणाला. "निजामाच्या टायमाचं. वर यायलंय."

"धन असतं तर म्या पेंड इकत बसलो असतो का बे?"

"तुमाला ठावं नसंल. धनाला माणूस पसंत पडावा लागतो. आता सूनबाई आल्या, म्हणून उठलं."

हा विनोद होता, पण गावात तो विनोद म्हणून फिरला नाही. चार दिवसांनी दोन अनोळखी माणसं गंभीर चेहऱ्यानं दुकानात आली आणि आपल्या ओळखीत एक जाणकार आहे असं सांगू लागली. आप्पांनी त्यांना पेंडीचा भाव सांगितला. ती गेली.

कारणं प्रत्येकाकडे होती. आप्पांच्या मते खाली मुरलेलं तेल वर येत होतं. सुतारमामांच्या मते माल खोटा होता. औरंगाबादच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं की खालची जमीन सपाट नसणार. आईला वाटलं, आपण रोज बादलीभर पाणी ओतून फरशी धुतो त्याचा हा परिणाम असावा. दुकानदारानंही पाणी ओतू नका म्हणूनच सांगितलं. आईनं तेव्हापासून घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसायला सुरुवात केली. आज मला वाटतं, यातलं सगळंच चुकीचं नव्हतं. पाणी सांध्यातून खाली जातं हे खरं. पुठ्ठा भरलेल्या खळग्यांवर टक् वाजत होतं हेही खरं. पण पाणी थांबवूनही फुगवटा बसला नाही.

मग सुतारमामांनी उपाय काढला. "वजन ठिवा. गप बसंल."

आप्पांनी लगेच पेंडीची दोन पोती पाठवली. फुगवटा बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो शिवणयंत्रांजवळ उगवला. तिथं आणखी दोन पोती आली. तिसऱ्या दिवशी तो दाराजवळ होता. खोलीत आता चार पोती आणि नऊ मुली होत्या.

आप्पा दारात उभे राहून म्हणाले, "बघ सूनबाई. आखिती लांब हाय, पण पेंड आपल्या पायानं आली."

वहिनी हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पोती बाहेर काढायला लावली आणि कापडावर आखायचे रंगीत खडू हातात घेतले. सकाळी सातला फरशी सपाट होती. दुपारी बाराला मध्ये थोडा उंचवटा आला. तिनं त्याच्याभोवती पिवळी रेघ मारली. तीनला तो मोठा झाला, निळी रेघ. संध्याकाळी तो आक्रसला, लाल. रात्र उलटली की पुन्हा काही नाही. चार दिवस तिनं हे केलं. फरशीवर एकात एक वर्तुळं जमा झाली. न्हावी म्हणाला, सूनबाईंनी धनाभोवती रिंगण घातलं.

मी त्या शनिवारी घरी आलो तेव्हा तिनं मला ती वर्तुळं दाखवली.

"भाऊजी, ओल असती तर सकाळी पण फुगली असती. माल खोटा असता तर माघात पण उठला असता. हे उन्हाबरोबर उठतंय आणि उन्हाबरोबर बसतंय."

तेवढ्यात एक मुलगी आपण शिवलेला झंपर घालून दाखवायला आली. ती सरळ उभी होती तोवर ठीक होतं. हात वर केला तसा पाठीवर कापडाचा फुगा आला.

"हे बघ," वहिनी तिला सांगू लागली, "अंगाबरोबर कापलंस. हलायला जागाच ठेवली नाहीस. मग कापड कुठं जाईल? वर—"

ती मध्येच थांबली. तिनं पाठीवरच्या फुग्याकडे पाहिलं, मग फरशीकडे, मग भिंतीकडे.

"भाऊजी, त्या इंग्रजी कागदात भिंतीचं काय लिहिलं होतं? सगळं वाचा. तुमचं मराठी नको."

कागद कपाटात होता. मी तो काढून वाचला. चारही भिंतींपासून जागा सोडावी. उष्णतेनं पट्ट्या प्रसरण पावतात, त्यांना सरकायला जागा न मिळाल्यास फरशी मधोमध उचलली जाते. मी छाटलेलं हे दुसरं वाक्य तिला दोन महिने उशिरा ऐकवत होतो.

"पण जागा तर सोडलीय," वहिनी म्हणाली. "मी डोळ्यांनी बघितलीय. चारी बाजूंनी."

आई दारात शेंगा सोलत बसली होती. तिचे हात थांबले.

"म्या बुजवली," ती म्हणाली.

वहिनी वळली.

"कशानं?"

"पांढऱ्या सिमेंटानं. इच्चू येऊ नये म्हणून. पोरी खाली बसतेत."

"मीही तिथंच होतो," मी म्हणालो. ते कुणी विचारलं नव्हतं.

भिंतीपलीकडून, गल्ल्यावरून आप्पांचा आवाज आला. "सिमेंट? म्या काय सांगितलं हुतं? सिमेंट ओतायचं न्हाई म्हणून सांगितलं हुतं का न्हाई?"

"फरशीवर ओतू नका म्हणला हुता तुमी," आई बसल्या जागेवरून म्हणाली. "म्या भिंतीला लावलं."

यावर आधी मुली हसल्या, मग वहिनी.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुतारमामांना बोलावलं. त्यांना समजावून सांगायला वेळ लागला.

"सारी उमर फटी बुजवण्यात गेली," ते म्हणाले. "आता म्हणता फट ठेवा म्हंजे काम पक्कं."

"मामा, तुमी दार बसवता तेव्हा चौकटीला अगदी चिकटून बसवता का?" वहिनीनं विचारलं.

"वेडी हायेस का? पावसाळ्यात फुगून अडकंल की."

"मग? हे उन्हाळ्यात फुगतंय."

सुतारमामांनी पटाशी उचलली. लाकडी पट्ट्या निघाल्या. सिमेंट खपल्या-खपल्यांनी निघू लागलं. दोन भिंती मोकळ्या झाल्या तरी फरक पडला नाही. तिसऱ्या भिंतीशी पटाशी अर्ध्यावर आली आणि खोलीभर करकर असा आवाज गेला. फरशी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नखभर सरकली. फुगवटा खाली बसला, पूर्ण नाही, पण निम्मा. मुलींनी टाळ्या वाजवल्या. न्हावी वस्तरा हातात घेऊनच धावत आला आणि धन खाली गेलं म्हणून हळहळला.

उरलेला निम्मा दोन दिवसांनी बसला, तोही लोखंडी कपाट दुकानात हलवल्यावर. कपाटानं एका बाजूला फरशी दाबून धरली होती. पोत्यांच्या वजनानं तीन पट्ट्यांच्या कडा मोडल्या होत्या. त्या उलगडून खोक्यात उरलेल्या नव्या घातल्या. तेवढ्यासाठी अर्धी खोली उकलावी लागली. ती उकलली गेली, खालच्या शहाबादीला ओरखडाही न पडता, हे आप्पांनी जवळ उभं राहून पाहिलं.

फट पुन्हा उघडी झाली होती, आणि आईचा प्रश्नही. "इच्चवाचं काय?"

वहिनीनं क्लासमधलं कातरण गोळा केलं, त्याच्या लांब अरुंद पिशव्या शिवल्या, त्यांत उरलेलं कातरण भरलं आणि आईपुढे ठेवलं. आईनं त्या मांडीवर वाती वळाव्या तशा वळल्या. चार भिंतींच्या चार वळकट्या झाल्या. त्या फटीत दाबून बसवल्या. विंचवाला शिरायला वाव नव्हता, आणि फरशी पसरली तर वळकटी दबणार होती. सुतारमामांनी तिला चिमटा काढून पाहिला.

"हे म्या बी केलं असतं," ते म्हणाले. "सांगायचं हुतं."

वर लाकडी पट्टी पुन्हा चिकटवली, या वेळी फक्त भिंतीला, फरशीला न टेकवता.

नंतरचे दिवस त्या सालातले सगळ्यांत तापलेले होते. पत्रे दुपारी तडतडायचे. वहिनी रोज तीन वाजता निळा खडू घेऊन फरशीवर गुडघे टेकायची आणि रेघ न मारता उठायची. गेलेल्या दोन मुली परत आल्या. एकीनं धाकट्या बहिणीलाही आणलं.

आखितीच्या दिवशी क्लासला सुट्टी होती. आमरसाचं जेवण झालं, आणि दुपारी तीनच्या सुमाराला पेंडीचा ट्रक दारात लागला. आप्पा उठले. ट्रककडे न जाता ते खोलीत गेले. चपला बाहेर काढून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले, मध्ये थांबून टाचेनं दोनदा जोर दिला. पुठ्ठ्याच्या जागी एकदा टक् वाजलं. फुगवटा कुठंच नव्हता. वहिनी दारात उभी होती. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही. बाहेर येऊन चपला घातल्या आणि गल्ल्यावर बसले.

ट्रकमधून पहिलं पोतं उतरलं. हमाल जुना होता. पाठीवर पोतं घेऊन, मान खाली घालून तो वर्षानुवर्षांच्या सवयीनं थेट त्या खोलीकडे निघाला आणि त्यानं उंबऱ्यावर पाय ठेवला.

"ए! तिकडं कुठं घुसायला बे?" आप्पा गल्ल्यावरून ओरडले. "क्लास हाय तो. मागं पडवीत टाक."

हमाल पोत्यासकट वळला आणि मागच्या पडवीकडे गेला.